नवे युरोलॉजिस्ट निवडताना : जाण्याआधी भरायची एक वही

बाबांचे जुने डॉक्टर अकरा वर्षांपासूनचे होते. मुतखड्याचे ऑपरेशन त्यांनीच केले, पुढे प्रोस्टेटच्या गोळ्याही त्यांनीच सुरू केल्या. मागच्या उन्हाळ्यात गोळ्या संपल्या म्हणून आम्ही दोघे भावंडे त्यांच्या दवाखान्यात गेलो, तर शटर बंद. शेजारच्या मेडिकलवाल्याने सांगितले, "डॉक्टरसाहेब मुलाकडे गेले. आता ते पेशंट पाहत नाहीत." जुनी फाईल कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. आमच्याकडे होती ती फक्त गोळ्यांची रिकामी पाकिटे.

बाबा एकाहत्तर वर्षांचे. तीस वर्षे एस.टी.त वाहक होते. गाडी थांबेपर्यंत लघवी दाबून धरायची आणि उतरावे लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचे, ही सवय तेव्हापासूनची. अकोल्याच्या उन्हाळ्यात असे केले तर मुतखडा होणारच. निवृत्तीनंतरही ते त्रास सांगत नसत. मुलीसमोर लघवीचे बोलायचे कसे, ही लाज.

पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांना सर्दी झाली. दुकानातून आणलेली सर्दीची गोळी दोन दिवस घेतली आणि तिसऱ्या रात्री लघवी पूर्ण बंद झाली. ओटीपोट फुगले, माणूस कळवळत होता. रात्री दोन वाजता दवाखान्यात नळी घातली तेव्हा जवळपास एक लिटर लघवी बाहेर आली. सर्दीच्या काही औषधांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते, हे आम्हाला त्या रात्रीनंतर कळले.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी नाव सुचवले म्हणून एका युरोलॉजिस्टांकडे गेलो. चार मिनिटांत काम झाले. "ऑपरेशन करावे लागेल. उद्या भरती व्हा. बाहेर काउंटरवर पैसे भरा." आम्ही मान हलवली आणि बाहेर आलो. आम्ही दोघेही शिकलेले, पण तोंडातून एक प्रश्न निघाला नाही. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "ते रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं सांगितलं ना त्यांना?"

कुणीच सांगितले नव्हते. त्यांनी विचारले नव्हते आणि आम्हाला सुचले नव्हते. चार वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून त्या गोळ्या सुरू आहेत. अशा गोळ्या चालू असताना ऑपरेशन झाले तर रक्तस्राव आवरणे अवघड जाते. आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या तर हृदयाला धोका. भरती झाल्यावर कुणीतरी विचारले असते, असे म्हणता येईल. पण "कुणीतरी विचारेल" या भरवशावर आपल्या माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर पाठवायचे का?

आम्ही दोन दिवस थांबलो. नळी असल्यामुळे लघवी मोकळी होती, म्हणून थांबता आले. त्या दोन दिवसांत आम्ही शंभर पानी वही आणली आणि लिहायला बसलो. त्या वहीतून जे शिकलो, ते आमच्या वाचक बंधू-भगिनींसाठी येथे मांडत आहोत.

आधी हे समजून घेऊ : कोणता डॉक्टर?

किडनीचे डॉक्टर दोन प्रकारचे असतात आणि लोक नेहमी गोंधळतात. नेफ्रोलॉजिस्ट औषधाने उपचार करतो; किडनी निकामी होत असेल, डायलिसिस लागत असेल तर त्याच्याकडे जायचे. युरोलॉजिस्ट हा सर्जन असतो. मुतखडा, प्रोस्टेट, लघवीचा अडथळा, लघवीच्या पिशवीची गाठ, पुरुषांच्या जननेंद्रियाचे आजार, स्त्रियांना नकळत होणारी लघवी हे त्याचे काम.

युरोलॉजिस्ट होण्यासाठी एम.बी.बी.एस.नंतर साधारणपणे जनरल सर्जरीत एम.एस. किंवा डी.एन.बी. आणि त्यानंतर युरोलॉजीत तीन वर्षांचे एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. करावे लागते. अलीकडे त्याला डी.आर.एन.बी. म्हणतात. पाटीवर "युरोलॉजी" असा शब्द आणि खाली केवळ एम.एस. असेल, तर नम्रपणे विचारावे, "साहेब, आपले युरोलॉजीचे शिक्षण कुठे झाले?" राज्यात प्रॅक्टिस करणाऱ्या ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असायला हवा. हे पाहण्यात अपमान कुणाचाच नाही. मुलांचा शाळेत दाखला घेताना आपण शाळेची मान्यता पाहतोच.

नाव कुठून काढायचे?

सर्वात चांगला सल्ला बहुतेक वेळा घराजवळच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडून मिळतो. मात्र "कोण चांगले आहेत?" असे विचारू नये. "तुमच्या स्वतःच्या वडिलांना हा त्रास असता, तर तुम्ही कुणाकडे नेले असते?" असे विचारावे. आम्ही असे विचारले तेव्हा डॉक्टर क्षणभर थांबले आणि मग दोन नावे दिली.

दुसरी वाट म्हणजे ज्यांचे तेच ऑपरेशन झाले आहे अशी माणसे. आपल्याकडे ती असतात, पण बोलत नाहीत. विहारातून निघताना चपला घालता घालता आम्ही एका काकांना हळूच विचारले, तर कळले की त्याच ओट्यावर बसणाऱ्या तिघांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन झालेले. तिघांनीही एकमेकांना सांगितले नव्हते! त्यांना विचारायचे ते एवढेच : डॉक्टरांनी समजावून सांगितले का, ऑपरेशननंतर रात्री त्रास झाला तेव्हा फोन कुणी उचलला, आणि सांगितलेला खर्च व झालेला खर्च यांत किती फरक पडला.

तिसरी वाट सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांची. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात सुपर स्पेशालिटी येथे युरोलॉजीचे विभाग आहेत. तेथे रांग असते, तारीख लांबची मिळते, हे खरे. पण अवघड केसेस रोज पाहणारे हातही तेथे असतात.

वहीचे पहिले पान : आपली माहिती

नव्या डॉक्टरांना आपला इतिहास माहीत नसतो. तो आपणच त्यांच्या टेबलावर ठेवायचा.

सगळ्या गोळ्यांची नावे लिहा, मिलिग्रॅमसह. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, सर्दीच्या, आयुर्वेदिक, सगळ्या. यामागे कारण आहे. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहा महिने किंवा जास्त चालू असेल, तर पीएसए या रक्तचाचणीचा आकडा साधारण निम्मा दिसतो. गोळी चालू आहे हे नव्या डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर खरे म्हणजे वाढलेला आकडा त्यांना सामान्य वाटू शकतो. तसेच टॅमसुलोसिन ही गोळी घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायलाच हवे, कारण त्या गोळीमुळे बुबुळ सैल पडून ऑपरेशन अवघड होते.

तीन दिवसांची लघवीची नोंद ठेवा. किती वाजता झाली, किती झाली, रात्री कितीदा उठावे लागले, थेंब थेंब येते का, जोर लावावा लागतो का. मोजायला जुना मापाचा डबा चालतो. बाबा नळीवर होते, म्हणून आम्ही आधीच्या महिन्याची आठवण लिहिली. ती लिहिताना बाबा म्हणाले, "रात्री दोनदा उठतो." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोनदा कुठं? पाचदा उठता. दिवा मी लावते ना!" वहीत पाच लिहिले. जोडीदाराला सोबत नेण्याचे महत्त्व आम्हाला तेव्हा पटले.

डॉक्टर लक्षणे मोजण्यासाठी सात प्रश्नांची एक जागतिक प्रश्नावली वापरतात. तिचे गुण 0 ते 35. 7 पर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 किंवा त्याहून जास्त तीव्र त्रास. "आमचे गुण किती आले?" हे विचारून लिहून ठेवले, तर सहा महिन्यांनी सुधारणा झाली की नाही हे आकड्यात कळते.

जुने कागद गोळा करा : डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, क्रिएटिनिन, पीएसए, खड्याचा तपासणी अहवाल. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार भरती रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपणे आणि मागितल्यापासून 72 तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण बाबांचे खड्याचे ऑपरेशन सात वर्षांपूर्वीचे. तीन वर्षांनंतर कागद मिळेलच असे नाही. म्हणून प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवावा.

वहीचे दुसरे पान : विचारायचे प्रश्न

दुसऱ्या युरोलॉजिस्टांसमोर बसल्यावर आम्ही सरळ सांगितले, "डॉक्टरसाहेब, आम्ही थोडे प्रश्न लिहून आणले आहेत. विचारले तर चालतील का?" त्यांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "विचारा, पण महत्त्वाचे आधी." ही सूचना चांगली आहे. पंचवीस प्रश्न नेऊ नयेत. आमचे प्रश्न असे होते :

1. नेमका आजार काय आहे, आणि तो कशावरून ठरवला?

2. ऑपरेशन आत्ताच का? औषध देऊन काही दिवस थांबलो तर काय होईल?

3. या आजारावर एकूण किती पर्याय आहेत? त्यांतला हाच का?

4. ऑपरेशन आपण स्वतः करणार का? अशी ऑपरेशने आपण नेहमी करता का?

5. हृदयाच्या गोळ्यांचे काय करायचे, आणि ते कोण ठरवणार?

6. ऑपरेशननंतर कायमचा कोणता बदल होऊ शकतो?

7. घरी गेल्यावर रात्री रक्त आले किंवा लघवी बंद झाली, तर फोन कुणाला करायचा?

8. काढलेला भाग तपासणीला पाठवणार का, आणि अहवाल कधी मिळेल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना त्यांनी कागदावर चित्र काढले. प्रोस्टेट ही ग्रंथी लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्यामधूनच जाते. पन्नाशीनंतर ती अनेकांची वाढते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण नळी दाबली गेली की पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, आणि उरलेली लघवी हळूहळू किडनीवर ताण आणते. कधी कधी हे काहीही दुखल्याशिवाय घडते.

दुसऱ्या प्रश्नावर ते म्हणाले, "गोळी सुरू करू, पाच दिवसांनी नळी काढून पाहू." पीएसए मात्र त्यांनी लगेच केली नाही. नळी घातली असता किंवा जंतुसंसर्ग असता हा आकडा खोटा वाढतो, म्हणून काही आठवडे थांबले. नळी काढल्यावर लघवी झाली, पण सोनोग्राफीत पिशवीत तीनशे मिलिलिटर उरलेली दिसली. लघवीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर धार क्षीण होती आणि क्रिएटिनिनही थोडे वाढलेले. मग त्यांनी सांगितले, "आता ऑपरेशन टाळू नये."

म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेले चूक नव्हते, हे येथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. ऑपरेशन लागणारच होते. फरक एवढाच की, या वेळी ते का लागते हे बाबांना स्वतःला समजले होते, आणि त्यांनी स्वतः "करू या" असे म्हटले. प्रश्न विचारायचे ते ऑपरेशन टाळण्यासाठी नव्हे. आपल्या शरीराचा निर्णय आपल्या समजुतीने व्हावा, यासाठी विचारायचे.

पाचव्या प्रश्नासाठी डॉक्टरांनी हृदयरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची, हे दोघांनी मिळून ठरवले. रक्तस्राव कमी राहावा म्हणून लेझरची पद्धत निवडली. दुर्बिणीतून करायची पारंपरिक पद्धतही चांगली आणि बहुतेकांना पुरेशी असते. "लेझर" हा शब्द ऐकून भुलू नये आणि घाबरूही नये. आपल्या रुग्णाला ते का हवे, एवढे विचारावे.

सहावा प्रश्न लाजेचा. या ऑपरेशननंतर अनेक पुरुषांचे वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जाते. त्याने धोका नसतो, पण आधी सांगितलेले नसेल तर माणूस मनातून खचतो. काही आठवडे लघवी थेंब थेंब गळू शकते, तीही बहुतेकांची हळूहळू थांबते. तरुण रुग्ण असेल आणि मूल हवे असेल, तर हा प्रश्न आधीच विचारायला हवा.

मुतखडा असेल तर एक प्रश्न वाढवा

खड्याच्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा किडनी आणि पिशवी यांच्यामध्ये डीजे स्टेंट नावाची मऊ नळी ठेवतात. ती बाहेरून दिसत नाही आणि ठरलेल्या मुदतीत काढावीच लागते. आमच्या वस्तीतल्या एका काकू ऑपरेशननंतर मुलाकडे पुण्याला गेल्या, बरे वाटले, आणि नळी विसरल्या. दोन वर्षांनी पाठ दुखायला लागली तेव्हा त्या नळीवरच खडे साचलेले निघाले. एका साध्या कामासाठी पुन्हा मोठे ऑपरेशन झाले. म्हणून निघताना विचारा : "आत काही ठेवले आहे का? ते कोणत्या तारखेला काढायचे? त्याचे पैसे वेगळे की यातच?" ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

पैशाचे स्पष्ट बोला

पैशाचा प्रश्न विचारताना आपली मान खाली जाते. जाऊ देऊ नये. अंदाजपत्रक लेखी मागावे. त्यात भूल, लेझरचे शुल्क, खोली, औषधे, तपासण्या काय काय धरले आहे ते विचारावे. 2021 च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. ते दिसले नाही तर मागावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत युरोलॉजीची अनेक ऑपरेशने येतात. पण रुग्णालय योजनेत आहे का आणि आपले ऑपरेशन यादीत आहे का, हे भरती होण्याआधी तेथील आरोग्यमित्राला विचारायचे. पैसे भरल्यावर विचारून उपयोग होत नाही. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवून तेथील समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

भगिनींसाठी

युरोलॉजिस्ट फक्त पुरुषांचा डॉक्टर आहे, हा गैरसमज फार त्रास देतो. खोकताना लघवी निसटणे, वारंवार जळजळ होणे, मुतखडा या तक्रारी घेऊन बायका वर्षानुवर्षे गप्प राहतात. कुणी लग्नाला जाणे सोडते, कुणी पाणी पिणे. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी दुसरी स्त्री खोलीत हवी, असे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. पडदा, बंद दार आणि गुप्तता हाही हक्कच. बाबांच्या वयाच्या पुरुषांनाही हेच लागू. प्रोस्टेटची तपासणी गुदद्वारातून बोटाने करतात. ती आधी समजावून सांगितली तर माणूस अवघडत नाही.

येथे मात्र निवडत बसू नका

काही वेळा डॉक्टर निवडायला उसंत नसते. लघवी पूर्ण बंद होणे, मुतखड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप येणे, मुलाच्या किंवा तरुणाच्या अंडकोषात अचानक तीव्र कळ येणे, अशा वेळी तासांचा हिशेब असतो. जवळच्या मोठ्या दवाखान्यात ताबडतोब जा. आणि लघवीतून एकदाही रक्त आले, दुखत नसले तरी, युरोलॉजिस्टांना दाखवाच. तंबाखू, बिडी ओढणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाचे ते मोठे कारण आहे.

डॉक्टर पारखायची एक खूण

"आम्ही दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घेऊ का?" असे विचारून पाहावे. चांगला डॉक्टर म्हणतो, "अवश्य घ्या, रिपोर्ट सोबत न्या." जो चिडतो, फाईल अडवून ठेवतो, किंवा "आजच ठरवा" म्हणून घाई करतो आणि घाईचे कारण सांगत नाही, तेथून उठावे. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा मान्य झालेला हक्क आहे. संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही नको. आपल्या आधीच्या पिढ्यांना वाचता येऊ दिले नाही म्हणून त्या अंगठा उठवत होत्या. आपल्याला वाचता येते, तर वाचून सही करू.

त्याचबरोबर आपल्याही बाजूचे कर्तव्य आहे. वेळेवर जावे, खरे सांगावे, दारू-तंबाखू लपवू नये, मोठ्याने भांडू नये. डॉक्टरांच्या बाहेर पन्नास माणसे बसलेली असतात, तीही आपलीच.

बाबांचे ऑपरेशन सात आठवड्यांनी झाले. काढलेल्या भागाच्या अहवालात कर्करोग निघाला नाही, पीएसएही ठीक आली. आता रात्री एकदा उठतात, आणि आईला दिवा लावावा लागत नाही. वही अजून टीव्हीच्या कपाटात आहे. मागच्या महिन्यात शेजारचे काका ती मागायला आले. संकोचत म्हणाले, "तुमच्या बाबांचं पान वाचणार नाही, फक्त प्रश्न उतरवून घेतो."

बाबा आतून म्हणाले, "वाचा की! त्यात लाजायचं काय आहे?"